आचार क्रमांक दोनशे बारा

“बिस्किट तुटून चहात पडलं, की गुरुजी काही म्हणायचे का?” सचिवांनी विचारलं.

काही नाही, नुसते कपात बघत बसायचे, असं गुरुमाता म्हणाल्या. किती वेळ? असेल अर्धं मिनिट. सचिवांनी ते लिहून घेतलं. सोमवारपासून केंद्राच्या सभागृहात तीनशे माणसं चहात बिस्किट बुडवून ते तुटेपर्यंत धरू लागली, आणि तुटलं की अर्धं मिनिट कपात बघत बसू लागली. एका निवृत्त न्यायाधीशांना तर त्या अर्ध्या मिनिटात आयुष्याचा अर्थ लागला, आणि त्यांनी तो सगळ्यांना ऐकवलाही.

गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी मागे एक ओळही लिहून ठेवली नव्हती, आणि बोलणं तर मुळातच कमी. म्हणून ते गेल्यावर त्यांनी काढलेल्या मार्गाच्या लोकांनी ठरवलं, की गुरुजी जसे जगले, अगदी तस्संच जगायचं. ते कसे जगले हे सांगू शकेल असं माणूस एकच उरलं होतं, त्यांची बायको. दर शनिवारी सकाळी सचिव जाडजूड वही घेऊन तिच्या खोलीत येत आणि ती सांगेल ते क्रमांक घालून आचार म्हणून उतरवून घेत. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नसे.

सुरुवातीला गुरुमाता मुद्दाम नवऱ्याच्या खोडी सांगत. वाटायचं, ऐकून लोक भानावर येतील. उजवी चप्पल चावायची म्हणून ते लंगडायचे, असं त्यांनी एकदा सांगितलं. तेव्हापासून सगळं केंद्र उजव्या पायाने लंगडत होतं, आणि नव्या लोकांना लंगडणं जमेना म्हणून त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढावा लागला होता. पुढे गुरुमातांनी नाद सोडला. विचारतील त्याचं उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या.

एका शुक्रवारी दुपारी गोळी घ्यायला गरम पाणी हवं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चार बायका एका मोठ्या पातेल्याभोवती बसून तळाची खरपुडी उलथन्याने खरवडून वाटून घेत होत्या. पाचवी भिंतीला टेकली होती. तिला सातवा महिना होता. कपाळावर ओला रुमाल ठेवलेला. मघाशी शेगडीपाशीच तिला भोवळ आली होती. गुरुमातांनी विचारलं, हे काय जेवण झालं? स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या वहिनी म्हणत. त्या म्हणाल्या, आज माणसं जास्त आली, उरलं नाही, होतं असं कधीकधी. मग अजिबात तक्रारीचा सूर न लावता त्यांनी आठवण करून दिली.

“सातवा आचार आहे ना, गुरुजी आधी पोटभर जेवत आणि मागे काय उरलं ते बघत नसत. तुम्हीच तर सांगितलात.”

गरम पाणी तसंच राहिलं. गुरुमाता खोलीत परतल्या.

दुसऱ्या दिवशी सचिव आले, बसले, पेन उघडलं. आज त्यांना काही विचारावं लागलं नाही.

“एक सांगायचं राहूनच गेलं,” गुरुमाता म्हणाल्या. “जेवायला बसायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारायचे, तू जेवलीस का? नसेन जेवले, तर मला बसवून वाढायचे. मग स्वतः.”

सचिवांचं पेन थांबलं. त्यांनी वहीची पानं मागे उलटली आणि सातव्या आचारात नेमकं उलट लिहिलंय, हे नम्रपणे दाखवून दिलं.

“ते आधीचं,” गुरुमाता म्हणाल्या. “माणूस बदलतो. बदलत नसेल, तर मार्ग काढला कशाला त्यांनी?”

सचिवांनी मान डोलावली. त्यांनी पट्टी लावून सातवा आचार खोडला आणि दोनशे बारावा लिहिला.

सोमवारी दुपारी तीनशे माणसं लंगडत स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेत उभी राहिली. प्रत्येक जण पाचही बायकांना विचारू लागला, तू जेवलीस का? पाचही जणी खरं ते सांगत होत्या, नाही. मग त्यांना बसवून वाढायची एकच धांदल उडाली. न्यायाधीशांना डाव सापडेना. सापडला तर भाताचं पातेलं कुठलं ते कळेना. बायका जेवायला बसल्या, तरी मागचे विचारायचे थांबेनात, आणि तोंडात घास घेऊन उत्तर देता देता एकीला ठसका लागला. शेवटी मोठ्या वहिनींनी पुठ्ठ्यावर ‘आम्ही जेवलो’ असं लिहून तो दाराला टांगला. उरलेले लोक पुठ्ठ्याला विचारून पुढे गेले. सातव्या महिन्यातल्या बाईने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

हे सगळं आटोपल्यावर सचिव गुरुमातांच्या खोलीशी आले. नोंद अपुरी राहिलीय, असं ते म्हणाले. गुरुजी काय विचारायचे ते लिहिलं, पण त्यावर गुरुमाता काय म्हणायच्या ते राहिलं, आणि बायकांनी नेमकं काय उत्तर द्यावं याचा खाली घोळ चाललाय. मग आचारात ‘तू’ आहे म्हणून त्यांनी आधीच क्षमा मागितली, उंबऱ्यात उभे राहिले आणि गुरुजींच्या हळू आवाजात विचारलं,

“तू जेवलीस का?”

गुरुमातांचा संसार एकेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि हे त्यांना आज पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सचिवांनी थोडा वेळ अदबीने वाट पाहिली. मग वही उघडून वळणदार अक्षरात लिहिलं, ‘यावर गुरुमाता रडत असत.’