माळवदावरचा सटवा

“आता?” भिवराबाईनं माळवदावरून विचारलं.

“मुंग्याच!” खालून मोहनराव ओरडले.

मोहनरावांच्या ओसरीत, टीव्हीसमोर, सटवा आज पहिल्यांदाच मांडी घालून बसला होता. अंगात धुवट सदरा, डोक्याला नवा रुमाल. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. वर अँटेनाचा दांडा आधी मोहनरावांनी धरून पाहिला होता, आता शेजारची भिवराबाई धरून उभी होती. मधे कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं म्हणून दांड्याला शेळीही बांधून झाली. तिनं वायर चाखली, चित्र काही आलं नाही.

“आवं, पोरगी गाऊन जाईल की!” सटवाची बायको साखराबाई कळवळली.

त्यांची शिवकन्या बीडला डी.एड. करत होती. गळा गोड म्हणून कॉलेजानं तिला मुंबईला नेलं होतं आणि आज संध्याकाळी तिचं गाणं थेट टीव्हीवर दिसणार होतं. पोरीला एकदा टीव्हीत बघायचं, एवढंच सटवाला हवं होतं. पण तो खाली असला की चित्र नसायचं.

हे असं दोन वर्षं चाललं होतं. बीडात केबल आली तशी लोकांनी अँटेने भंगारात घातले. नेकनूरच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत बसलेल्या या वाडीला केबलवाला विचारत नव्हता. किराणावाले मोहनराव मात्र हौसेनं रंगीत टीव्ही घेऊन आले. चॅनल जुळवायची बटणं टीव्हीतच, माळवदावर उंच अँटेना, सगळं होतं. चित्र तेवढं नव्हतं. लहरी तुमच्या डोक्यावरून जातात, असं सांगून मेकॅनिक चहा पिऊन गेला.

मग एकदा माळवदावर पांढरी माती टाकायला सटवा वर चढला आणि तोल सावरायला त्यानं दांडा धरला. खाली आरशासारखं चित्र उभं राहिलं. त्यानं हात काढला की मुंग्या, हात लावला की चित्र. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाडी खाली आणि सटवा वर.

चित्र तरी कसलं! शेतीच्या कार्यक्रमात सटवाच्या मेलेल्या पवळ्यासारखाच, कपाळावर चांद असलेला बैल दिसायचा. “सरकारी बैल सगळे सारखेच,” भिवराबाई म्हणायची. एकदा सटवाला वर डुलकी लागली, तेव्हा बातम्या थांबून बराच वेळ नुसती नदी वाहत राहिली. दिल्लीवाल्यांची काही अडचण असेल म्हणून सगळ्यांनी ती निवांत पाहिली. दोन-चार बायांना तर झोपही चांगली लागली.

“सटवा, गड्या, काय करावं?” मोहनरावांनी विचारलं.

सटवा उठला. डोक्याचा रुमाल सारखा केला.

“मीच जातो वर. मी तिला लई बघितलंय. तुमी तरी बघा.”

“मग एवढा नटून कावून आलतास?” शिडी उतरत भिवराबाई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

वर ऊन मवाळ झालं होतं. ज्वारीवरून येणारा वारा दुधाचा वास घेऊन येत होता. बगळ्यांची एक रांग तळ्याकडं चालली होती, घाई नसल्यासारखी. सटवानं दांडा धरला आणि डोळे मिटले.

“आली! आली!” खालून साखराबाईची हाक आली. “आवं, शिवकन्या आली!”

“कशी दिसायली गं?”

“लई गोड! पर ल्हान दिसायली, शाळंत जायची तशीच. दोन येण्या, लाल रिबनी. अन् झंपर-परकर घातलाय. मी तर निळी साडी दिलती बांधून!”

“मुंबईवाले त्यांचेच कपडे घालायला देतेत,” मोहनराव जाणकारासारखे म्हणाले. “अन् टीव्हीत माणूस बारीकच दिसतंय.”

पेटी नव्हती, तबला नव्हता. पोर नुसती गात होती.

“वाऱ्या वाऱ्या, हळू चाल रं, ज्वारी माझी निजली…”

“आगं बया, हे तर तुमचंच की हो, खुरपताना म्हणता ते!” साखराबाईनं वर सटवाला ओरडून सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. भिवराबाई रडली. मोहनरावांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. गाणं संपलं.

सटवा खाली आला तेव्हा जो तो त्याचा हात हातात घेऊन सांगत होता, कशी हसली, कशी लाजली, रिबन कशी सुटली. तो मान डोलवत ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या फाट्यावर एस.टी. थांबली. मोहनराव नारळ घेऊन, बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या. निळ्या साडीतली शिवकन्या उतरली, एवढी माणसं पाहून थबकली आणि बापाच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली.

“रडती कावून येडे?” सटवा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. “सगळ्या वाडीनं तुला बघितलं. मीच तेवढा करंटा, मला काय दिसलं न्हाई.”

शिवकन्येनं मान वर केली नाही.

“न्हाई दिसलं तेच बरं झालं, आबा. ऐन वक्ताला माझा गळा बसला. माझ्या जागी दुसरीच गायली. मी भायेर बाकड्यावर बसून व्हते.”