उंबऱ्याची पूजा

चंपूताईंचं पाऊल जवळ आलं की उंबरा आपोआप जमिनीत जायचा. म्हाताऱ्या माणसांना ठेच लागू नये म्हणून आता घरोघरी असेच, माणसाच्या सवयी शिकणारे उंबरे बसवत. पंचाईत एवढीच, की सकाळी त्या हळदकुंकू घेऊन पूजेला वाकल्या तरी तो खालीच जायचा.

"मेल्या, ओलांडायला नाही, पूजेला आलेय," असं त्या रोज त्याला सुनावायच्या आणि आणखी वाकून सपाट फरशीला बोटं टेकवायच्या. परवा तसंच वाकताना तोल गेला, म्हणून लेक नीलाक्षी त्यांना कायमचं ठाण्याला न्यायला आली होती.

"आई, बॅग भरलीय. निघू या."

"पूजा करते नि निघते."

चंपूताई दारात गेल्या. उंबरा खाली गेला, जरा थांबला आणि वर येऊ लागला. गुडघ्यांच्याही वर, थेट त्यांच्या हाताशी आला. त्यांनी उभ्यानेच हळदीची बोटं ओढली.

नीलाक्षी बॅग घेऊन मागेच उभी होती. बाहेर जायची वाट अडली होती.

"कुंकू राहिलंय अजून," चंपूताई म्हणाल्या. "तू तोवर चहा टाक."

नीलाक्षीने बॅग परत खोलीत नेऊन ठेवली.