चोर ओटी

घरी न सांगता दवाखान्यात जाऊन आलेल्या सारिकाने चप्पल काढली न काढली तोच सासूबाईंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दाराला आतून कडी घातली. पाट मांडलेला होता. सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवा खण होता.

"तीन महिने पाळी नाही, पोट दिसायला लागलंय, गाल बघ कसे लाल झालेत! मला कळत नाही होय? बस, चोर ओटी भरते."

सारिका पाटावर बसली. तासाभरापूर्वीच डॉक्टर दोघा नवराबायकोला म्हणाले होते, "मूल नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे. ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक नको तेवढं सोडते, म्हणून पाळी थांबलीय, चेहरा न् पोट असं फुगलंय. गाठ काढावीच लागेल. कसली आहे, ते काढल्यावर कळेल."

गेल्या महिन्यापर्यंत याच सासूबाई 'खाऊन खाऊन भोपळा झालीय' म्हणत तिच्या ताटातली भाकरी उचलून ठेवायच्या. आज त्यांनी तिच्या त्याच गोल चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यांचा हात तिच्या गालाला असा पहिल्यांदाच लागला.

"इतक्यात कुणाला सांगायचं नाही हं," ओंजळीने तांदूळ घालत सासूबाई कुजबुजल्या. "नवऱ्यालासुद्धा नाही."

खिडकीबाहेर नवरा मोटारसायकल लावून कधीचा हौदापाशी उभा होता, पुन्हापुन्हा तोंडावर पाणी मारत.

"नाही सांगत," सारिका म्हणाली, आणि तिने पदर आणखी थोडा पसरला.