कडेवरची मुलं

"चालता येतं त्यांनी डावीकडे. बाकी सगळे उजवीकडे."

इस्पितळाच्या दारात उभी राहून मोठी सिस्टर ओरडत होती. कार्यक्रम चालू असताना बालवाडीच्या सभागृहाचं छत कोसळलं होतं. मुलं आणि आईबाप, सगळेच धुळीने माखून येत होते. डावीकडे बाकडी, पाणी आणि मलमपट्टी. उजवीकडे डॉक्टर आणि ऑक्सिजन.

योजना सिस्टरचीच. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, असं म्हणत हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागून तिने रंगीत तालीमही करून घेतली होती. तालमीत मुलांच्या जागी बाहुल्या होत्या. वॉर्डबॉयनी त्या हसतखिदळत स्ट्रेचरवरून आणल्या आणि सगळं बिनबोभाट पार पडलं.

एक बाप आला. खांद्यावर मुलगी, तिचं डोकं त्याच्या मानेत.

"रडून रडून झोपली हो बिचारी," म्हणत तो डावीकडे वळला.

सिस्टरने जाऊ दिलं. आणि लगेच वळून पाहिलं. चालत आला होता तो बाप. पोरीला चालता येतं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. तालमीतल्या बाहुल्यांना बाप नव्हते.

तिने धावत त्याला गाठलं आणि पोरीच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"अहो, काय करताय?" बाप खेकसला.

पोरीने भोकाड पसरलं. सिस्टरचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. डावीकडचं दालन गच्च भरलं होतं. कितीतरी आईबापांच्या कडेवर मुलं होती, गुणी बाळासारखी गप्प. तिनेच तिकडे पाठवलेली.

आख्खी नोकरी पोरांना गप्प करण्यात गेली होती तिची. आता ती बाकड्यावर चढली.

"झोपलेल्या मुलांना उठवा. चिमटे काढा, रडवा त्यांना."

"अगं बाई, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा," एक आजी म्हणाली.

"उठवा आजी. शिव्या मला नंतर द्या."

एक रडलं, दुसरं रडलं, आणि बघता बघता पोरांनी दालन डोक्यावर घेतलं. रडणाऱ्यांकडे सिस्टरचं लक्षच नव्हतं. ती नुसती मान फिरवत होती.

मग उडी मारून ती खिडकीकडे धावली.

तिथे एक आई मांडीवरच्या मुलाला चिमट्यामागून चिमटे काढत होती.

"ऊठ ना रे राजा," ती त्याला समजावत होती. "बघ, सगळे रडतायत."