एका चित्रापुरता हात

"हे बघा, माइमू." तावीने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. "एंदेलसरांचा हात राहिलाय."

पडद्यावरच्या चित्रात दुधी काचेवर वाळूची होडी होती. होडीतल्या बाईच्या केसांचा नुकता कुठे पक्षी व्हायला लागला होता, आणि त्या सगळ्यावर एक काळा हात पडला होता. उजेड खालून असल्यामुळे नुसती सावलीच. पण अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. हा अंगठा माइमूने चाळीस वर्षं रोज सकाळी कॉफीच्या कपाभोवती पाहिला होता.

तिच्या नवऱ्याला, एंदेलला, जाऊन पाच महिने झाले होते. वाळूच्या चित्रांची ही सहा मिनिटांची फिल्म त्याची शेवटची. सारेमा बेटावरून, त्याच्या गावच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू घेऊन तो चार वर्षं तालिन शहरातल्या आपल्या तळघरात बसला होता. वाळूचं काम मोठं निर्दय. चिमूटभर सरकवायची, हात मागे घ्यायचा, दोन फोटो काढायचे, की पुन्हा सरकवायची. पुढचं चित्र हवं तर आधीचं मोडावंच लागतं, मागे जायची सोय नाही. हात काढायला विसरणं ही अगदी नवशिक्यांची चूक. तेवढ्यावरून एंदेल विद्यार्थ्यांना असा काही झापायचा की चांगली मोठी माणसं डोळे पुसत तळघराच्या पायऱ्या चढायची.

तावी त्यांच्यातलाच एक. आता त्यालाही टक्कल पडलं होतं.

"काळजी नको," तो म्हणाला. "प्रत्येक मांडणीचे दोन फोटो असतातच. दुसरा स्वच्छ आहे, तोच दोनदा लावतो. झालं काम."

"राहू दे."

"अहो, सेकंदाचा चोविसावा भाग. कोणाला कळणारही नाही."

"मग तू कशाला जिवाचा आटापिटा करतोयस? राहू दे म्हटलं ना."

तावीने खुर्ची तिच्याकडे वळवली. "सरांना चाललं असतं?"

"चाललं असतं? मला घराबाहेर काढलं असतं त्याने." ती हसायला लागली. हसू आवरेना, आणि मग रुमाल सापडेना. "मला कळतंय रे. त्याची चूक मी चव्हाट्यावर मांडतेय. पण घरभर शोधलं मी. फोटोंत तो नाही, कारण सगळे त्यानेच काढलेले. या फिल्मचा कणन् कण त्याने हलवला, आणि दर वेळी हात काढून घेतला. एवढा एकदाच राहिला बघ."

तावीने काळ्या पावाची बशी तिच्यापुढे सरकवली आणि हात तसाच ठेवून फिल्म बंद केली.

नोव्हेंबरात थिएटरात दुपारच्या खेळाला ती फिल्म दाखवली. माइमू तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. तिने हिशोब करून ठेवला होता: वल्हं पाण्याला लागलं की लगेच हात येतो, तेव्हा पापणी लववायची नाही.

अंधार झाला आणि वाळू हलायला लागली. ही चित्रं तिने एकेक करून, निपचित पडलेली पाहिली होती. आता ती श्वास घेत होती. पाण्यातून बेट वर आलं. बेटाचा घोडा झाला, घोडा उभ्याउभ्या धुकं झाला, आणि त्या धुक्यातून होडी आली. माइमू कुठे बसलीय ते विसरली. पायांखाली सारेमाचा थंड किनारा होता, पुढे पाठमोरा एंदेल चालला होता, आणि त्याला हाक मारावी असंही तिला वाटत नव्हतं, इतकं सगळं ठीक होतं.

वल्हं पाण्याला लागलं. ती दचकून भानावर आली. डोळे ताणून बघायला लागली, आणि ताणले म्हणूनच ते भरून आले. पापणी मिटली, उघडली.

पक्षी समुद्रावर पोचला होता.

माइमूला स्वतःचा इतका राग आला की तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. चार वर्षांत तो एकदाच हात काढायला विसरला होता, आणि तिने नेमके तेव्हाच डोळे मिटले. त्याची चूक चारचौघांत मांडली, आणि मिळालं तर काहीच नाही.

पुढच्या रांगेत मांडीवर कोट घेऊन एक म्हातारी बसली होती. ती शेजारच्या नवऱ्याकडे झुकली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आत्ता कोणी हात केला का आपल्याला?"