शेवट पसंत नाही

"उद्या देतो," अशी थाप मी पाचव्यांदा मारली, तेव्हा संपादकांनी मला मागच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. "भयकथा पुरी झाली की दार वाजवा. दिवाळी अंक अडलाय!"

आत धोतरातले एक गृहस्थ खाली मान घालून लिहीत होते.

"तुम्हालाही कोंडलं?" मी हसलो.

"संपादकांना शेवटच पसंत पडत नाही हो." गृहस्थांनी कोरड्या दौतीत टाक बुडवला. "एकोणीसशे बासष्टचा अंक आहे."

मी दार बडवलं. "झाली! कथा झाली!"

"वाचा," संपादक बाहेरून म्हणाले.

कागद कोराच होता. आत्ता घडलं तेच मी सांगत गेलो, शेवटी दार उघडतं आणि लेखक पळतो इथपर्यंत.

"फर्मास जमलीय! फक्त शेवटी त्याला सोडू नका."