मेजावरची पिंगी

दीनाबाईंनी पाटीवरचं फडकं काढलं आणि बाजरीतून पिंगी मांजरीनं डोकं वर केलं.

अख्खं चर्च हसलं. दीनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पाटी त्यांनी आत्ताच, आपल्या हातानं, अर्पणाच्या मेजावर ठेवली होती.

"आमोसभावजी, चुकून आली हो ही. बाजरीवर निजली असणार मेली. घेते उचलून."

आमोस त्यांचे धाकटे दीर. पण कापणीच्या सणाला ते कुणाचे दीर नसत, मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, असत. अर्पणाचा लिलाव तेच पुकारायचे.

"हात लावू नका, वहिनी," ते म्हणाले. "मेजावर ठेवलं ते देवाचं. पायजे तर बोली लावून घ्या."

नियम तसा होताच. आणखीही एक होता. ज्याची बोली, त्यानं वस्तू मेजावरून आपल्या हातानं उचलायची. तीन हाकांत उचलली नाही, तर ती खालच्या बोलीला. मागल्या साली एका हडकुळ्या शिंप्यानं हौसेनं भलाथोरला भोपळा घेतला, आणि तो उचलता उचलेना, म्हणून भोपळा दुसऱ्याच्या घरी शिजला. हसून हसून लोकांची पोटं दुखली होती.

महायुद्धामुळे सुटे पैसे गडप झालेले. बोली धान्यातच चालली होती.

"एक पायली बाजरी," दीनाबाई म्हणाल्या. घरात तेवढीच उरली होती.

"मणभर जोंधळा!" मागून आवाज आला. शलमोन. राहुरीच्या रस्त्याला त्याची शेतातली मोठी वस्ती होती. लहानपणी तो शाळेत दीनाबाईंच्याच हाताखाली शिकला होता, तिसरीत तीन वर्षं.

"शलमोन, तुला रे कशाला मांजर?"

"कोठारात उंदरांनी लई उच्छाद मांडलाय, बाई. आन् मांजर काय पोपट हाय का, घरात कोंडून ठिवायला? माझ्याकडं मोकळं हिंडंल."

"चार कुत्री आहेत तुझ्या वस्तीवर. मागच्या दोन मांजरांचं काय झालं?"

शलमोननं पटका सारखा केला. "आता कुत्री म्हनल्यावर..." तो पुटपुटला.

पिंगी तीन वर्षांची झाली, पण आजवर उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. दीनाबाईंनी खिडक्यांना कोंबड्यांची जाळी ठोकली होती. भिंतीला आढ्यापर्यंत फळ्या मारल्या होत्या, एकीवरून दुसरीवर उडी मारता येईल अशा. रोज संध्याकाळी पदराला गाठ मारून त्या ती जमिनीवरून ओढायच्या, जिभेनं टकटक करायच्या, आणि पिंगी आढ्यावरून फळ्या उतरत झेप घ्यायची. शेजारणी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बाईंनी मांजराला तालीम काढून दिलीया!" म्हणू देत. कुत्र्यांनी फाडलेलं एक मांजर दीनाबाईंनी आपल्या हातानं पुरलं होतं. दुसरं त्यांना पुरायचं नव्हतं.

"मणभर जोंधळा," आमोस म्हणाले. "एकवार. दोनवार." ते वहिनींकडं बघायचं टाळत होते. "तीनवार."

दीनाबाई मटकन बाकावर बसल्या. रडू आलं, ते त्यांनी गिळलं. एवढ्या पोरांना शिकवलेली बाई चारचौघांत रडते की काय!

शलमोन पुढं आला आणि त्यानं पिंगीच्या मानगुटीला हात घातला.

त्या मानेला दीनाबाईंशिवाय कुणाचा हात ठाऊक नव्हता. पिंगीनं त्याच्या मनगटावर चार रेघा ओढल्या. मग मेजावरून व्यासपीठावर, व्यासपीठावरून खिडकीत, खिडकीतून थेट तुळईवर! तिथं बसून ती पंजा चाटायला लागली.

"पहिली हाक," आमोस म्हणाले.

शलमोन म्हणाला, "मनी, ये मनी." बायकांनी ओठ मुडपून च्यक च्यक केलं. कुणी वाटीत दूध आणलं. पिंगीनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"दुसरी हाक."

शलमोननं पटका सोडून वर भिरकावला. तो तुळईला अडकून लोंबकळत राहिला. पिंगी दोन हात पलीकडं सरकली. बोडक्या डोक्याचा शलमोन घामाघूम होऊन वर बघत होता, आणि आता मंडळी त्याला हसत होती.

"तिसरी हाक!" ही हाक आमोसनी जरा घाईनंच दिली. "मणाची बोली गेली. खालची बोली, एक पायली. वहिनी, उठा."

दीनाबाई उठल्या. त्यांनी पदराला गाठ मारली, ती मेजावर टेकवली आणि हळूच ओढली. जिभेनं टकटक केलं.

तुळईवर दोन कान उभे राहिले.

"नीट ये गं माझी बाय," त्या पुटपुटल्या आणि गाठ पुन्हा ओढली.

तुळईवरून खिडकी. खिडकीतून व्यासपीठ. आणि तिथून, घरच्या फळीवरून घ्यायची तशी, एकच झेप! चारी पाय मेजावर, दात गाठीत. दीनाबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं.

"भले!" आमोस ओरडले. मग आपण मंडळीचे वडील आहोत हे त्यांना आठवलं आणि ते खाकरले. पण टाळ्या थांबेनात.

दीनाबाईंनी पाटीतली अर्पणाची बाजरी मेजावर ओतली, बोलीची पायली घरून आणून द्यायचं कबूल केलं, पिंगीला रिकाम्या पाटीत घातलं आणि फडक्याला दोन गाठी मारल्या. पाटी डोक्यावर घेऊन त्या दारात आल्या. पायऱ्यांखाली गावची कुत्री लोळत होती. त्या थबकल्या.

मागून शलमोन आला, तसाच बोडका, मनगटाला रुमाल गुंडाळलेला. त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. "व्हा म्होरं, बाई. मी हाय," तो म्हणाला, आणि कुत्री हाकलत स्वतःच पुढं निघाला. दीनाबाईंच्या घरापर्यंत त्याचं तेच चाललं होतं. हाड! हाड!

"हळू ओरड रे, शलमोन," दीनाबाई मागून म्हणाल्या. "तिला झोप लागलीय."